बाळाच्या काड्या

शेफालीनं गव्हाण दोन्ही हातांत धरून आणली आणि आईच्या मांडीवर ठेवली. चपलांच्या खोक्याची गव्हाण, बाहेरून तपकिरी कागद चिकटवलेला. पेंढा काठाच्या वर आला होता. काही काड्या नूतनच्या साडीवर पडल्या.

"आता येशूबाळाला ठेव," शेफाली म्हणाली. "उद्या नाताळ आहे."

नूतननं यंदा काहीच करायचं नाही असं ठरवलं होतं. दवाखान्यातून रिकाम्या हातांनी विंझरला परतली, तेव्हाच तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, चांदणी लावू नकोस, गव्हाण काढू नकोस. इंद्रजित म्हणाला होता, "पोरीसाठी तरी." ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तेव्हापासून संध्याकाळची प्रार्थना शेफाली एकटीच करायची. आतल्या खोलीत नूतनला तिचा आवाज ऐकू यायचा, आणि मग पेंढ्याची खसखस.

शेफालीनं स्वेटरच्या खिशातून करंगळीएवढं मातीचं येशूबाळ काढलं.

"तूच ठेव," नूतन म्हणाली.

"दरवर्षी तू ठेवतेस."

नूतन पेंढ्याकडं पाहत राहिली. हा नियम तिचाच होता. चर्च भोरला, दर रविवारी जाणं व्हायचं नाही; मुलीला काय शिकवायचं ते घरातच. नाताळच्या आधीचे दिवस, न सांगता एक चांगलं काम केलं की संध्याकाळी गव्हाणीत एक काडी. येशूबाळाचं अंथरूण मऊ व्हायला हवं. एरवी खोक्याचा तळ जेमतेम झाकायचा.

"एवढा पेंढा कुठला? ठकुमावशींच्या गंजीतला मूठभर उचलून कोंबलास ना?"

"नाही!" शेफालीचा आवाज चढला. "एकेक टाकलाय. माझ्या थोड्याच आहेत. बाकीच्या बाळाच्या."

"कुठल्या बाळाच्या?"

"आपल्या. त्याला टाकता येत नाहीत ना आता."

नूतननं खोकं थोडं जवळ ओढलं.

"बाळानं कुठलं काम केलं, शेफू?"

"रडलं नाही ना ते! पप्पा आजीला फोनवर सांगत होते, अजिबात रडलं नाही म्हणून. तूच सांगतेस की, येशूबाळाला गोठ्यात थंडी वाजत होती, पेंढा टोचत होता, तरी रडलं नाही, इतकं शहाणं. आपलं बाळ पण तसलंच. मी पण नाही रडले. एकदा पण नाही."

हे नूतन दरवर्षी सांगायची. नाताळातच नाही, शेफाली तापात किरकिरायला लागली की, सुई टोचून घ्यायच्या आधी, शाळेच्या फाटकाशी. बायबलमध्ये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मूल गप्प व्हावं म्हणून तिनंच ते जोडलं होतं.

"शेफू, मी चुकीचं सांगितलं."

"काय?"

"येशूबाळ रडलं होतं."

शेफालीनं तिच्याकडं संशयानं पाहिलं. "तुला कसं माहीत?"

"बाळ बाहेर आलं की आधी रडतं. रडलं म्हणजे छातीत हवा गेली, श्वास सुरू झाला. सगळी बाळं रडतात. तू तर सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होतास. येशूबाळ रडलं, तेव्हाच मरीयेचा जीव भांड्यात पडला असेल."

"म्हणजे रडणं चांगलं?"

"हो."

शेफालीनं एक काडी उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली.

"मग आपलं बाळ का नाही रडलं?"

डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं होतं. नाळ कशी आवळली, किती वेळ आवळलेली असणार. नूतनला ते सगळं पाठ होतं. तिनं साडीवर पडलेल्या काड्या वेचून खोक्यात टाकल्या.

"त्याला रडायचं होतं," ती शेवटी म्हणाली. "त्याला जमलं नाही."

"मग त्याच्या काड्या काढून टाकू?"

"राहू दे. बाळाला अंथरूण लागतंच."

तिनं हात पुढं केला. शेफालीनं येशूबाळ तिच्या तळहातावर ठेवलं. खिशातल्या उबेनं ते गरम होतं. नूतनला ते लगेच खाली ठेवता आलं नाही. बोटं मिटून ती तशीच बसली. मग वाकून तिनं ते पेंढ्यावर ठेवलं.

शेफालीचा खालचा ओठ थरथरला. सवयीनं तिनं तो दातांत धरला. मग सोडला. आधी नुसता बारीक आवाज निघाला, आणि मग ती इतक्या मोठ्यानं रडायला लागली की इकडंच निघालेली शेजारची ठकुबाई धावतच दारात आली. तिच्या हातात करंज्यांची ताटली होती, वर फडकं. सुतकाच्या घरात तळण होत नाही म्हणून तिनं आपल्या घरी तळल्या होत्या.

"तुमच्यात चालतं का न्हाई म्या काय जाणं, पर पैला सण हाय, पोरीला म्हनून..." बोलता बोलता तिनं ताटली खाली टेकवली आणि शेफालीला पोटाशी ओढलं. "अगं बया, काय झालं माज्या सोन्याला? गप. गप ऱ्हा. शानी पोरं रडत्यात व्हय?"

"रडू द्या, मावशी," नूतन म्हणाली. "या घरात अजून कुणी रडलंच नाही."