उलटं प्रश्नचिन्ह

"डॉलर म्हणजे ध. टक्के म्हणजे ळ. आणि हे उलटं प्रश्नचिन्ह?" सुनेने विचारलं.

"ते काही नाही. काढून टाक," सासरे म्हणाले. डोळ्यांत औषधाचे थेंब घालून ते आरामखुर्चीत पडले होते. डोळ्यांवरचा रुमाल त्यांनी उचललाही नाही.

काल आणि परवाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. तिने मान मागे टाकली. दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे आणि घरी येऊन ही अक्षरं. महिना झाला, तिला स्वप्नंही चिन्हांची पडत होती.

सासऱ्यांचा नऊ हजार शब्दांचा कोश होता. डोंगरापलीकडची बोली. ती बोलणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. सासूबाईंनी तो सगळा एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. पुढे फॉन्ट विकणारी कंपनी बुडाली, संगणक भंगारात गेला आणि सासूबाईही गेल्या. फाइल तेवढी उरली. उघडली की नुसतं रोमन अक्षरांचं आणि चिन्हांचं रान. शब्द कुठेही गेले नव्हते, फक्त सोंग घेऊन बसले होते. त्यातली छापलेली चाळीस पानं घरात सापडली. एक बोट कागदावर आणि एक पडद्यावर ठेवून तिने तक्ता बनवला. एकशे सदतीस चिन्हांपैकी एकशे छत्तीस लागली.

उद्या दुपारी फाइल प्रकाशकाकडे जायची होती. आणखी मुदत देणार नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. सासऱ्यांचा डावा डोळा गेलाच होता. उजवा किती दिवस साथ देईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. मुखपृष्ठावरचं आपलं नाव त्यांना स्वतः वाचायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

"छापील पानांवर त्या जागी काहीच नाही," ती म्हणाली. "रिकामी जागासुद्धा नाही."

"मग झालं तर. संगणकाची ढेकर असेल. तू कशाला जीव काढतेस?"

काढायला एक कळ पुरली असती. पण प्रयोगशाळेत तिला एक खोड लागली होती. नको असलेला आकडा टाकून द्यायचा, पण तो का आला ते कळल्यावर. तिने मोजलं. तीन हजार चारशे बारा वेळा. प्रत्येक वेळी नोंदीच्या अगदी शेवटी, शब्दाच्या मधे एकदाही नाही. कचरा इतका शिस्तीत बसत नाही.

मग तिने खूण असलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि नुसते अर्थ वाचत गेली. तापल्या तव्यावर पाणी पडल्याचा आवाज. पोटातलं बाळ पहिल्यांदा हलणं. दाराआड उभं राहून ऐकणं. माहेराहून निघताना मागे वळून न बघणं. खूण नसलेल्या नोंदींत अवजारं होती, झाडं होती, मापं होती, हद्दीच्या भांडणातले शब्द होते. तिचे हात थांबले.

सासूबाईंना तिने पाहिलं नव्हतं. ती या घरात आली ती त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी.

"बाबा, आईंचं माहेर डोंगरापलीकडचं ना?"

"हो. का गं?"

"तुम्ही प्रस्तावनेत लिहिलंय की यातला एकूण एक शब्द मी पायी हिंडून गोळा केला. आईंचे आभार नुसते टायपिंगचे."

"लिहायची रीत असते तशी."

"कुठल्या घरी जाऊन विचारलंत, बाळ हलतं त्याला काय म्हणता म्हणून? त्या बायका तुमच्यासमोर तरी उभ्या राहिल्या असत्या का?"

त्यांनी रुमाल डोळ्यांवर आणखी घट्ट दाबला.

"हे आईंचे शब्द आहेत. त्यांनी तुम्हाला सांगितले, वर टाइप करून दिले. तोंडातून ब्र काढला नाही. प्रत्येक शब्दामागे खूण मात्र करून ठेवली." तिच्या आवाजात राग नव्हता. रागावण्याइतकं त्राणच नव्हतं. "काढायची तर आत्ता काढते. पण तुम्ही ऐकून घेऊन सांगा."

सासऱ्यांनी रुमाल बाजूला केला. लाल झालेला डोळा पडद्याकडे वळवला. तेवढ्या अंतरावरचं त्यांना दिसत नव्हतं, तरी ते बघत राहिले.

"ती कशाला खूण करेल," ते म्हणाले. "तिला ती खूण कधी दिसलीच नाही. त्या फॉन्टात ती कळ दाबली की ना पडद्यावर काही उमटायचं, ना कागदावर. ती टाइप करून स्वयंपाकाला उठली की मी बसायचो, तिच्या एकेका शब्दामागे ती खूण घालत. नाव द्यायला हात धजत नव्हता. आणि न देता राहवतही नव्हतं."

आतल्या खोलीत कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. सुनेने तक्त्याची शेवटची ओळ उघडली. समोरचा रकाना रिकामाच होता.

"आता दिसेल अशी खूण सांगा," ती म्हणाली.