दुसरा खट्ट

फरशी एका बाजूला उतरती होती, त्यामुळे कमोड डुगडुगायचा. आजोबा बसले की खट्ट, उठले की खट्ट. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, म्हणून दोन दिवसांसाठी घरी आलेल्या मुलाने लगेच प्लंबर बोलावला.

"राहू दे ना तसाच," आजी दारातून म्हणाली. "इतकी वर्षं चाललंच ना?"

"आई, तू आता मध्ये पाचर मारू नकोस."

"पाचरी मारायला मी आलोय की," प्लंबर हसला. त्याने कमोडखाली पाचरी सरकवल्या, बोल्ट आवळले, कडेने पांढरं सिमेंट भरलं. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला. "घ्या. आता हत्ती बसला तरी हूं की चूं करणार नाही."

खरंच केलं नाही. पंधरवड्याने आजोबा बसल्या जागीच गेले, आणि बाहेर अंथरुणावर कान देऊन पडलेल्या आजीला कळलंसुद्धा नाही. दार फोडलं तेव्हा अंग गार पडलं होतं.

दिवसकार्य उरकून मुलगा परत गेला. दुसऱ्याच दिवशी आजीने प्लंबरला बोलावून घेतलं.

"त्या पाचरी काढ बाबा."

"आजी, पुन्हा डुगडुगेल. खालच्या बाई ओरडतील."

"नाही ओरडणार. त्यांच्याकडे घराची किल्ली देऊन ठेवलीय. एक खट्ट ऐकला आणि दुसरा आलाच नाही, तर वर या म्हटलंय."