पायलटचा जबाब

धानोऱ्याच्या तलावात रात्री छोटं विमान पडलं. देवराव ढिवराने पायलटला डोंग्यात ओढून वाचवलं, तरी फौजदाराला संशय त्याचाच.

"इतक्या रात्री तू तिथे कसा?"

"मासोळी उजेडाले येते साहेब. जाळ्याच्या दोन्ही बाजूनं कंदील टांगून बसलो होतो."

धावपट्टी तिथून दोन मैलांवर होती. तिथला चौकीदार लटारू म्हणाला, "विमान येनार हाय हे मले कोनी सांगितलंच नाई. मी दिवे लावलेच नाई."

दवाखान्यात पायलटने डोळे उघडले, देवरावचा हात घट्ट धरला आणि फौजदाराला म्हणाला, "चौकीदाराला काही बोलू नका साहेब. त्याने दिव्यांच्या दोन्ही ओळी लावल्या होत्या. मी बरोबर मधोमध उतरलो."



देवरावने आपला हात हळूच सोडवून घेतला.