टेलियम

शेजारच्या काकांनी जन्मभर कॉलेजात तांबेऱ्याची बुरशी शिकवली. पक्षाघातानंतर मात्र त्यांना साधं 'पाणी' म्हणता येईना. एकदा काकूंनी बागेतल्या गुलाबाचं रोगट पान सहज त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते उलटं केलं, मागच्या काळ्या पुळ्यांवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात त्या पुळ्यांचं शास्त्रीय नाव घेतलं, "टेलियम!" तेव्हापासून रोज एक पान आणि रोज तेवढा एकच शब्द.

"काकू, आता तरी औषध मारा हो! पोटच्या पोरांसारखे वाढवलेले गुलाब, त्यातलं एकच झाड धड उरलंय," मी कुंपणावरून ओरडले.

"मारते गं उद्या."

 

मी आत गेले असं समजून काकूंनी हातातलं रोगट पान त्या धड झाडाच्या पानांवर हळुवार चोळलं.