पलीकडच्या खोलीतला चंद्र

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. आज एका रागाची गोष्ट सांगतो. निघाला एका खोलीत आणि जाऊन आदळला भलतीकडेच.

गणिताच्या सरांनी फोनवर अंगठा दाबला. पडद्यावरची स्लाइड हलली नाही. पुन्हा दाबला. ढिम्म.

समोर निवड समितीचे तिघे बसले होते. अध्यापक महाविद्यालयाचं विभागप्रमुखपद आज ठरायचं होतं. सरांचा विषयच असा, की शिक्षकाने टेबलाला चिकटून राहू नये. हातातला फोन हाच रिमोट. वर्गभर हिंडावं आणि हिंडता हिंडता स्लाइड बदलाव्यात. पडद्यावर पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत तेवढं लिहिलेलं होतं. त्यापुढे गाडी जाईना.

"सर, मी लॅपटॉपवरून पुढे नेते ना," प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या.

"मग मी इथे काय वारा घालायला उभा आहे?" सर कडाडले. "नेट नीट बघून ठेवायला काय झालं होतं तुम्हाला?"

"नेट व्यवस्थित आहे. आधी एकदा जोडून बघू म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, मला शिकवू नका."

"आता उलट उत्तरं देऊ नका!"

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. सरांच्या कानशिलावरची शीर तट्ट फुगली. एवढ्या वर्षांची नोकरी, धाकटे धाकटे लोक डोक्यावर येऊन बसलेले, आणि आज या एका दीडदमडीच्या बटणापायी शोभा! ते अंगठा आपटू लागले. पुढे, पुढे, मागे, पुढे. वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसा सगळा संताप त्या काचेवर.

तेवढ्यात भिंतीपलीकडे पोरं खदखदून हसली.

"तिकडे काय तमाशा चाललाय?" सरांनी भिंतीवर मूठ हाणली. "इथे माणसं काम करतायत!"

पलीकडे शांत झालं. सरांनी दात-ओठ खात पुन्हा बटण दाबलं. पलीकडे हशा. पुन्हा दाबलं. पुन्हा हशा. सर थांबले, तसा हशाही थांबला. आता मात्र त्यांना शंका आली. फोनकडे न बघता स्लाइड बदलायची हीच तर त्यांची ऐट होती. म्हणून फोनच्या पडद्यावर छोट्या चौकोनात काय दिसतंय, ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

त्यात चंद्र होता. अर्धा.

चंद्राच्या कला हा त्यांच्या बायकोचा धडा. याच महाविद्यालयाच्या सरावशाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. मुलं वाढवण्यात तिची वर्षं गेली. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच संधी होती, आणि तिचा पाठ आज याच वेळी शेजारच्या खोलीत होता. आदल्या संध्याकाळी घरी तालीम झाली, तेव्हा तिच्या लॅपटॉपला सरांनीच आपला फोन जोडला होता. ती बोलत होती आणि सर आरामखुर्चीतून स्लाइड पुढे ढकलत होते. "कळलं, कळलं. चल पुढे. एवढं घोळत बसलीस तर मुलं झोपतील." ती जोडणी तोडायची राहून गेली. आज त्याच इमारतीत, त्याच नेटवर फोनने ओळखीचा लॅपटॉप शोधला आणि जाऊन त्यालाच चिकटला.

म्हणजे इतका वेळ सर बायकोचा चंद्र नाचवत होते. पौर्णिमा, अमावास्या, अष्टमी, परत पौर्णिमा. तिनेही रिमोट म्हणून हातात धरलेल्या फोनचं बापड्याचं काही चाललं नसणार, आणि पोरं तिला हसत असणार.

सरांनी जोडणी तोडली आणि दाराकडे वळले.

"अहो सर, तुमची वेळ चालू आहे!" अध्यक्ष म्हणाले.

"चालू द्या," म्हणून सर बाहेर पडलेसुद्धा. आता राग स्वतःवर होता, आणि तो फेकायला हातात काहीच नव्हतं.

शेजारचं दार अर्धं उघडं होतं. ती दाराकडे पाठ करून उभी होती. पोरं हात वर करून ओरडत होती, "बाई, आता अमावास्या! नाही, नाही, अष्टमी!" पळणाऱ्या चंद्राचाच तिने खेळ केला होता, आणि आता तो ती स्वतःच पळवत होती. चंद्र उडी मारेल तिथे त्याची तिथी ओळखायची. एकही पोर झोपलं नव्हतं. मघापासूनचा हशा होता तो या खेळाचा.

परीक्षक मॅडम हसत पुढे आल्या. "कमाल आहे तुमची! मध्येच स्लाइड भलतीकडे पळतायत, वरून कुणी भिंत बडवतंय. तुम्ही जरासुद्धा गडबडला नाहीत?"

"कशाला गडबडायचं?" ती हसून म्हणाली. "सवय आहे मला. घरी 'अहो, मी काय म्हणते' एवढं म्हणेपर्यंत पुढची स्लाइड आलेली असते."

सगळा वर्ग हसला. दारातला एक माणूस तेवढा हसला नाही.

सरांचं पद, त्यांच्या बायकोची नोकरी, पुढे काय झालं ते मला विचारू नका. मंडळी, घराकडे निघालात की त्या चंद्रवाल्या बाईंची आठवण ठेवा, आणि घरी कुणी बोलायला तोंड उघडलं तर बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्या.