बाकीचे कुठे आहेत?

मुंगीच्या हातात सुरी दिली, मेणबत्त्या पेटवल्या, सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि मुंगी जागची हललीच नाही.

"मार ना फुंकर, बाळा," आई म्हणाली.

मुंगीने केककडे पाहिलं. मग टेबलाच्या दोन्ही बाजूंना. मग दाराकडे.

"बाकीचे कुठे आहेत?"

"अगं, सगळे आलेत की!" आईने हात फिरवून दाखवलं. शेजारची पोरं कागदी टोप्या घालून केकवर डोळे लावून बसली होती. आत्या मोबाइल रोखून उभी होती.

"हे नाही. बाकीचे. ज्यांचा वाढदिवस आहे ते."

आईला कळायला जरा वेळ लागला. मुंगी ज्या बालगृहातून या घरी आली, तिथे सगळ्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी व्हायचा. एकच मोठा केक, भोवती सगळी पोरं आणि सगळ्यांची मिळून एक फुंकर. तिथल्या बाईंनी हे सांगितलं होतं. आई हळहळली होती आणि तिथल्या तिथे तिने ठरवून टाकलं होतं, आपल्या घरात हिचा वाढदिवस हिचा एकटीचा, दणक्यात करायचा. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासता तपासता ती लेकुरवाळ्या बायकांना विचारत राहिली, "तुम्ही काय काय करता हो?" मुंगी मोठ्या आवाजाला दचकते म्हणून फुगे रद्द करून तिने रंगीत कागदांच्या साखळ्या केल्या. नवरा सुतार. त्याने जुन्या टेबलाचे पाय कापून ते मुंगीच्या उंचीला आणून ठेवलं. सगळ्याचा विचार झाला होता. नेमका हाच राहिला.

"आज फक्त तुझा आहे," नवरा मुंगीपाशी उकिडवा बसत म्हणाला. "तुझा एकटीचा. मज्जा की नाही?"

मुंगीचा खालचा ओठ पुढे आला. "एकटीचा नको."

"अगं बाई, मेण गळतंय केकवर!" आत्या म्हणाली. "एवढं कोडकौतुक करा, तरी हिचं आपलं भलतंच. धर गं तिचा हात आणि उरका एकदाचं."

"माझा पण आहे वाढदिवस!" शेजारचा गोट्या केकवरची नजर न काढता ओरडला.

"तुझा झाला मागच्या महिन्यात," त्याच्या बहिणीने त्याला खाली बसवलं.

मुंगीने सुरी टेबलावर ठेवली आणि हात पाठीमागे बांधले. रडली नाही. रडली असती तर आईला बरं वाटलं असतं, उचलून पोटाशी तरी धरता आलं असतं. पण ती नुसती उभी राहिली. बोलावणं येईपर्यंत गप्प राहायला शिकलेलं मूल उभं राहतं, तशी.

तेवढ्यात खिडकीजवळची खुर्ची करकरली. आजोबा उठले होते.

सगळे वळून बघायला लागले, कारण आजोबा असल्या भानगडीत पडायचे नाहीत. आजी गेल्यावर लेकाने त्यांचं घर बंद करून त्यांना इथे आणलं, तेव्हापासून ते, ती खुर्ची आणि मांडीवरचा रेडिओ. मुंगीला आणायचं ठरलं तेव्हा "तुमचं तुम्ही बघा" एवढंच म्हणाले होते. पोर बिस्किटं नेऊन उशीखाली ठेवते, हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं. "मुंगी आहे नुसती," असं ते करवादले आणि ते नाव तिला चिकटलं. त्यापलीकडे त्या दोघांचं बोलणं असं नव्हतं.

गुडघा दाबत दाबत ते टेबलापाशी आले.

"माझाही आजच आहे," ते म्हणाले.

सासऱ्यांचा खरा वाढदिवस ऐन थंडीत. गेल्या खेपेला सुनेनेच स्वेटर आणला होता आणि त्यांनी त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. नवरा काहीतरी बोलायला गेला. तिने त्याच्या पायावर पाय दिला.

"खरंच?" मुंगीने विचारलं.

"मग काय खोटं बोलतोय? या वयात?"

आईने एक टोपी पुढे केली. आजोबांनी ती मुकाट्याने घातली. रबर हनुवटीखाली रुतलं. मुंगी बाजूला सरकली आणि तिने त्यांना टेबलापाशी अर्धी जागा करून दिली. पण टेबल इतकं बुटकं की आजोबांना वाकता येईना. शेवटी ते सरळ फरशीवर बसले.

"बाबा, आता उठवायचं कोणी तुम्हाला?" आत्या म्हणाली.

"बघू पुढचं पुढे."

आता मुंगीचा आणि त्यांचा चेहरा एका उंचीवर आला. तिने तो जवळून, नीट निरखून पाहिला.

"तुम्हाला पण इथे आणलं का?"

आत्याचा मोबाइल हळूच खाली आला. आजोबांनी लेकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मेणबत्त्या आता बोटाच्या पेराएवढ्या उरल्या होत्या.

"हो," ते म्हणाले. "मलाही आणलंच."

मुंगीने मान हलवली. सुरी उचलली. त्यांचा सुरकुतलेला हात ओढून आपल्या हातावर ठेवला.

"होते सवय," ती म्हणाली, आणि तिने गाल फुगवले.