सात नंबर

सहाव्या वक्त्याला राघोत्तमांनी चाळीसपैकी बावीस गुण दिले आणि कापलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहिलं. कारणाशिवाय गुण कापायचा नाही, हा त्यांचा जुना हट्ट.

“मामा, जरा सैल सोडा की,” शेजारचा परीक्षक विजयेंद्र कुजबुजला. “यंदाही कुणी पस्तीस गाठले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून स्पर्धा मराठीऐवजी इंग्रजीत. कमिटीचं ठरलंय.”

“फुकटच्या गुणांवर वाचली तर ती वाचली कसली?”

दोघे पडद्याआड बसले होते. चेन्नईत वेस्ट मांबलमच्या या हॉलमध्ये तंजावरकडची मराठी घरं जमली की जो तो कुणाचा तरी मामा निघतो. म्हणून परीक्षकांनी वक्त्याचं तोंड पाहायचं नाही, नावाऐवजी नंबर ऐकायचा.

“तुम्ही मामींनासुद्धा सोडलं नाहीत म्हणे,” विजयेंद्र हसला.

राघोत्तमही हसले. कनका तमिळ घरातली. लग्नाच्या आठव्या दिवशी तिनं सासूशी मराठीत दोन वाक्यं बोलून पाहिली, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत उच्चाराला दहापैकी दोन गुण दिले होते. गंमत म्हणून. त्याला अडतीस वर्षं झाली. दोघं एकमेकांशी तमिळच बोलत आली. आता ती हॉलमागच्या स्वयंपाकघरात पायसम ढवळत असेल.

“सात नंबर,” बाहेर पुकारा झाला. विषय सगळ्यांना एकच, ‘माझे गुरू’.

खरखरत्या कर्ण्यातून एका बाईचा बसका आवाज आला.

“माझे गुरूस लिहावयास येत नव्हतें. मी चुकलें तर ती हासे, पुन्हा सांगे. तिणें मज कधी गुण नाहीं दिल्हे. भाषा दिल्ही.”

राघोत्तमांची पेन्सिल थांबली. ‘दिल्ही’. हा शब्द त्यांनी शेवटचा आईच्या तोंडून ऐकला होता. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. अंबत्तूरच्या कारखान्यासाठी सकाळी सहाला घर सोडणाऱ्या माणसाच्या वाट्याला तिचं बोलणं आलं तरी किती!

आवाज पुढे जात राहिला. वाक्याच्या शेवटी तोच हेल, मध्येच तसंच थबकणं. राघोत्तमांनी कान टवकारून चूक शोधून पाहिली. आशयात नाही, मांडणीत नाही, भाषेत नाही. उच्चारात तर त्यांनाच शिकावं लागलं असतं. ही मराठी मेली असं ते नऊ वर्षं समजत होते. चेन्नईच्या कुठल्या घरात ती इतकी धडधाकट नांदत होती?

भाषण संपलं. टाळी वाजायला वेळ लागला, मग थांबेना.

कापायला एकही कारण सापडलं नाही. राघोत्तमांनी चार वेळा दहा लिहिले.

“चाळीस?” विजयेंद्रनं कागद दोनदा पाहिला. “अय्यो, मामा! स्पर्धा वाचली!”

“स्पर्धेचं राहू दे. मला त्या बाईच्या पाया पडायचंय,” राघोत्तम डोळे पुसत उठले. “आणि तिच्या गुरूचं नाव विचारायचंय.”

त्यांनी पडदा सारला.

माईकपाशी कनका पदराला हात पुसत उभी होती.

“उच्चारास किती दिल्हेत?” तिनं विचारलं.